सतरा काड्या

एक जानेवारीला आबांच्या तोंडात चौदा काड्या बसत होत्या. नोव्हेंबरच्या शेवटी सतरा बसत होत्या. या वर्षी मी ठरवलेल्या पाच गोष्टींपैकी पुढे सरकलेली ही एकच.

काड्या म्हणजे आइस्क्रीमच्या. शाळेतली पोरं ज्यांची घरं करतात, त्या चपट्या लाकडी काड्या. तीर्थपुरीच्या स्टेशनरीच्या दुकानात शंभराचं पाकीट मिळतं. आबा म्हणजे माझे वडील, राधाकिसन. त्यांना वीस-बावीस वर्षं सुपारीच्या पुडीची सवय होती. दिवसभर मेंढरांमागे चालायचं, बोलायला कोणी नाही, म्हणून गालात पुडी. मागच्या दिवाळीत त्यांना तिखट सोसेनासं झालं. पुढे भाकरीचा घास तोंडात जाईना. डिसेंबरात मी त्यांना जालन्याला दातांच्या डॉक्टर अरुंधतीबाईंकडे नेलं.

बाईंनी त्यांच्या दातांमध्ये लहान पट्टी धरली. "अठ्ठावीस मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "मोठ्या माणसाचं तोंड चाळीसच्या आसपास उघडायला हवं. सुपारीनं आतली कातडी आवळत चाललीय." गालाच्या आत एक पांढरा डाग होता. तो त्यांनी मला टॉर्च मारून दाखवला. मग सांगितलं, की पुडी आजपासून बंद. दिवसातून पाच वेळा वरच्या आणि खालच्या दातांमध्ये काड्यांची चळत धरायची, मिनिटभर. जमेल तशी एकेक काडी वाढवायची. वर्षभरात पस्तीसपर्यंत आलं तर ऑपरेशन टळेल.

"आणि पुडी पुन्हा सुरू झाली तर?" मी विचारलं.

बाई हातमोजे काढत होत्या. "तर माझ्याकडे येऊ नका," त्या म्हणाल्या. "सरळ मोठ्या दवाखान्यात जा. तिथं गाल कापतात."



मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे आणि तीर्थपुरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. एम.एस्सी.ला जायचं ठरवलं होतं. एक जानेवारीला मी आलेखाचे चार कागद जोडून एक मोठा तक्ता केला आणि पुढच्या खोलीत भिंतीला चिकटवला. आडवं वर्ष, उभी प्रगती. पाच रंगांच्या पाच रेघा. पहिली, प्रवेश परीक्षेच्या सराव पेपरातले गुण. दुसरी, सकाळी पळालेलं अंतर. तिसरी, इंग्रजी पुस्तकाची वाचलेली पानं. चौथी, मोबाइलवर घालवलेले तास, ही खाली यायला हवी होती. पाचवी, जांभळी, आबांचं तोंड.

पाचवीला आबांनी पहिल्याच दिवशी नकार दिला.

आमच्याकडे मेंढरं मोजत नाहीत. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, शिरणारी मेंढरं बोटानं मोजत होते. आबांनी माझं बोट मुठीत धरलं आणि म्हणाले, "मोजू न्हाई माय. मोजली की कमी व्हत्यात." ते स्वतः कधी मोजत नाहीत. तोंडाशी उभे राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघतात आणि जे आलं नाही त्याचं नाव घेतात. "भुरी न्हाई आली." मग काठी उचलून परत निघतात. त्यांचं चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

"माझं तोंड मोजती?" ते म्हणाले. "मोजलं की आजून आवळंल."

"तुमचं तोंड न्हाई मोजत आबा. काड्या मोजते मी."

त्यांनी जरा विचार केला. "काड्या मोज. काड्यांला काय व्हतंय."

त्याच संध्याकाळी मी कॉलेजातून आणलेल्या स्क्रू गेजनं एका काडीची जाडी मोजली. तीन वेळा मोजून सरासरी काढली. दोन पॉइंट शून्य शून्य. तक्त्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहिलं, एक काडी म्हणजे दोन मिलिमीटर. चौदा काड्या, अठ्ठावीस मिलिमीटर. डॉक्टरांच्या पट्टीशी बरोबर जुळत होतं. मला फार समाधान वाटलं होतं, हे आठवतं.

रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी आबा ओट्यावर बसायचे. मी घड्याळ घेऊन समोर. ते चळत दातांत धरायचे आणि मी साठ सेकंद मोजायचे. त्या मिनिटात त्यांना बोलता यायचं नाही, म्हणून मीच बोलायचे. कॉलेजात काय झालं, कोणी बीकर फोडलं, प्राचार्य कोणावर ओरडले. मिनिट संपलं की चळत बाहेर काढून गरम पाण्यात टाकायची, मग खिडकीत वाळवायची. दिवसाच्या बाकीच्या चार वेळा ते रानात करायचे, काड्या धोतराच्या सोग्यात बांधून न्यायचे.

मार्चमध्ये पंधरावी काडी बसली. एप्रिलमध्ये आम्ही डॉक्टरांकडे गेलो, तर त्या गावाला गेलेल्या. त्यांच्या जागी बसलेल्या डॉक्टरांनी बोटं घालून बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे, चालू ठेवा." मी तक्ता गुंडाळून नेला होता, तो उघडलाच नाही.

मार्चमध्येच पळणं बंद झालं. ऊन वाढलं, आणि फाट्यावरचं एक कुत्रं रोज मागे लागायचं. इंग्रजी पुस्तक एकशे बाराव्या पानावर थांबलं. मोबाइलचे तास मी मोबाइलमध्येच लिहून ठेवत होते, ते लिहायला उघडायचा आणि अर्धा तास जायचा, तेव्हा तेही सोडून दिलं. उरली परीक्षा. जूनमध्ये, मिरग निघायच्या आदल्या दिवशी, निकाल आला. कट-ऑफपेक्षा चौदा गुण कमी.  

त्यानंतर सकाळचं मिनिट आम्ही गप्प बसून काढू लागलो. मी सेकंद काटा बघायचे, आबा रस्त्याकडे बघायचे. त्याच आठवड्यात सोळावी काडी बसली आणि सप्टेंबरमध्ये सतरावी. तक्त्यावर चार रेघा कुठे ना कुठे खाली बसलेल्या आणि जांभळी एकटी चढत चाललेली. सतरा काड्या, चौतीस मिलिमीटर. पस्तीसला एक कमी. आबांना वाचता येत नाही, पण महिन्याच्या शेवटी मी ठिपका दिला की ते तक्त्यासमोर येऊन उभे राहायचे.

"चढली का?"

"चढली."

"बराबर," असं म्हणून ते पाणी प्यायला जायचे.

मला त्या दिवसांत काम फार नव्हतं. तरी संध्याकाळी कॉलेजातून आले की चप्पल काढायचंही जिवावर यायचं. कशानं दमते याचा मी विचार केला, कारण सापडलं नाही. ठिपका देण्यापुरती मी महिन्यातून एकदा तक्त्याजवळ जायचे.

बद्रीनाथकाका आबांच्याच वयाचे, शेजारचा कळप त्यांचा. संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे.

"काय राधाकिसन, किती काड्या झाल्या?"

"सतरा."

"सतरा! आता पोरगी तुला बैलाचा जबडा बसवती."

"तू बी ये की, तुझं बी बघती."

"माझं कशाला? माझं उघडतं बराबर. बायको म्हणती, मिटतच न्हाई."

माय आतून म्हणाली, "खरं बोलती बिचारी."

काका हसले आणि खिशातून पुडी काढून दातांनी फाडली. "वीस झाल्या की सांग. वीस झाल्या तर म्या बी सोडतो. बिरोबाची आण." त्यांनी मान मागे टाकून पुडी तोंडात ओतली. आबा वाघरीकडे बघत राहिले. सुपारीचा वास ओट्यावर पसरला. मला तो वास आला की आबांच्या हातांकडे बघायची सवय लागली होती. हात गुडघ्यांवर होते. बोटं मात्र एकमेकांवर घासत होती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या बुधवारी अकरावीचं प्रात्यक्षिक होतं, स्क्रू गेजनं जाडी मोजणं. काचेच्या पट्ट्यांपैकी दोन फुटलेल्या, म्हणून मी बॅगेतल्या पाकिटातून काड्या काढून दिल्या. आबांच्या चळतीतल्या एका काडीला चीर गेली होती. ती बदलायची म्हणून मी धुऊन त्याच पाकिटात टाकली होती, हे मी विसरले.

प्रांजली नावाची मुलगी वही घेऊन आली. "मॅडम, एक पॉइंट सहा एक."

"झिरो एरर बघितला?"

"बघितला. नाहीये."

"रॅचेटनं फिरवलं, का हातानं पिरगाळलं?"

"रॅचेटच फिरवला मॅडम."

"ही काडी दोन मिलिमीटरची असते. एक पॉइंट सहा कशी येईल? डोकं जागेवर ठेवून परत घे."

ती गेली आणि पाच मिनिटांनी पुन्हा आली. घाबरलेली नव्हती. "मॅडम, ह्या टोकाला दोन येतंय. त्या टोकाला एक पॉइंट सहा. त्या बाजूला कोणीतरी चावलंय हिला."

मागचा बाक हसला. कोणीतरी म्हणालं, "मॅडम, डब्यात काड्या आणता का?"

मी काडी हातात घेतली. टोकापासून सेंटिमीटरभर आत आडवा खोलगट पट्टा होता, दोन्ही बाजूंनी. आबांच्या दातांचा. मी तीन वेळा मोजलं. एक पॉइंट सहा एक, एक पॉइंट सहा शून्य, एक पॉइंट सहा एक.

"मॅडम, जर्नलमध्ये कोणतं लिहू?"

"दोन्ही लिही," मी म्हणाले. "कुठं घेतलं तेही लिही."

घरी आले तेव्हा आबा रानात होते. त्या दिवशी काड्या सोग्यात बांधायचे विसरले होते, चळत खिडकीत होती. मी एकेक काडी वेगळी केली आणि दात पडले होते तिथे मोजली. चीर गेलेली धरून जुन्या चौदा मिळून बावीस पॉइंट तीन. नंतरच्या तीन मिळून पाच पॉइंट तीन. एकूण सत्तावीस पॉइंट सहा.

वर्षभर रोज पाच वेळा, गरम पाणी, ऊन आणि दात. काड्या दबत गेल्या आणि झालेल्या जागेत मी नवी काडी घालत गेले. जानेवारीत मोजलेली एक काडी कोरी होती. त्या एका संध्याकाळी मोजली आणि वर्षभर तिच्या भरवशावर राहिले. अकरावीच्या पोरांना पहिल्या तासाला मी सांगते, वाचन घेण्याआधी दर वेळी उपकरण तपासा. आबांना मी म्हणाले होते, तोंड मोजत नाही, काड्या मोजते. तेच केलं होतं.

डॉक्टरांची वेळ सोमवारी होती.

माय चुलीपुढे होती. तिच्या, म्हणजे गोपिकाबाईच्या, हातची भाकर गावात नावाजलेली, पातळ आणि मोठी. तिनं आबांसाठी एक भाकर परातीत कुस्करून ठेवली होती, वर दूध घालायला.

"माय, आबांची भाकर आजून कुस्करून कामून देती?"

"मंग काय करू? घास जात न्हाई त्यांला."

"कव्हापासून?"

"पयल्यापासून. मधी एक दिवस बी गेला न्हाई."

"मला सांगितलं न्हाईस."

माय वळलीसुद्धा नाही. "तू कव्हा इचारलं? तू काड्या इचारती."

मी अकरा महिने रोज त्याच खोलीत जेवत होते. ती परात माझ्यासमोर असायची.

पुढचे तीन दिवस मी काही बोलले नाही. दोन वाटा होत्या. एक, गप्प राहायचं आणि सोमवारी बाईंच्या पट्टीला बोलू द्यायचं. दहा सेकंदांत कळलं असतं, आणि आबांनी ते परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं असतं. दुसरी, आधी सांगायचं. पण आबांनी पुडी सोडली होती ती चढणाऱ्या रेघेवर, असं मला वाटत होतं. रेघ चढलीच नाही हे कळल्यावर त्या घासणाऱ्या बोटांना थांबवायला काय उरणार? बद्रीनाथकाका रोज संध्याकाळी हातभर अंतरावर पुडी फाडतात. मग तो पांढरा डाग आणि मोठा दवाखाना. पाकिटातल्या कोऱ्या काड्या घेऊन "आता जाड कंपनीच्या मिळाल्या" असं खोटं सांगावं, असंही एकदा मनात आलं. शुक्रवारी रात्रीचं जेवण झाल्यावर मी ते वाक्य मनात जुळवूनही पाहिलं. पण त्यानं सोमवार टळणार नव्हता.

रविवारी संध्याकाळी मेंढरं परत आली. आबा वाघरीच्या तोंडाशी उभे होते. सगळी आत जाईपर्यंत मी थांबले. त्यांनी जाळी ओढली, खुंटी शोधायला खाली वाकले.

"आबा, काड्या झिजल्यात," मी म्हणाले. "सतरा न्हाईत त्या. तोंड जेवढं होतं तेवढंच हाय. मी चुकीचं मोजलं."

"व्हय," ते म्हणाले आणि दगडानं खुंटी ठोकू लागले.

मला वाटलं, त्यांना समजलं नाही. "म्हंजे चौतीस न्हाई. सत्तावीस—"

"कळलं की. लाकूड हाय, दात हायेत. झिजायचंच. त्यात काय शिक्षण लागतंय?"

"तुम्हाला ठावं होतं?"

"सोळावी घातली तव्हाच कळलं. काडी वाढली आन् घास त्योच. कळपाला हाक घालाया गेलो, तर हाक बी तोंडातच राह्यली. पयल्यासारखीच." त्यांनी खुंटी हलवून बघितली. ढिली होती, पुन्हा ठोकली.

"मग सांगायचं न्हाई का? सहा महिने मी ठिपके देत बसले!"

माझा आवाज चढला होता. दोन-चार मेंढरांनी माना वर केल्या. आबा जाळीला टेकून उभे राहिले. त्यांना मोठी वाक्यं बोलायला त्रास होतो, ओठ पुरते हलत नाहीत. ते थांबत थांबत बोलले.

"तव्हा तुझा निकाल आल्ता. त्या कागदावर तुझ्या चार रेघा बसल्या. माझी एकली उभी व्हती. आपल्यात आसं हाय, कळप बसला आन् एक जरी उभं राह्यलं, तर त्याच्याकडं बघून बाकीची उठत्यात. म्हटलं, राहू द्यावी ही उभी."

"पर उठली न्हाईत," ते म्हणाले.

"न्हाई."

वाघरीत एक कोकरू ओरडत होतं, त्याची आई पलीकडच्या कोपऱ्यात होती. आम्ही दोघांनी ते बघितलं. शेवटी ती उठून त्याच्याकडे गेली.

"पुडी?" मी विचारलं. विचारताना मला त्यांच्या बोटांकडे बघायचं नव्हतं, पण बघितलं.

"दोनदा. निकालाच्या दिशी एक, बद्रीनाथकडून. आन् पोळ्याला एक."

"आणि आता?"

"आता काय? आज न्हाई खाल्ली."

"उद्या?"

"उद्या डाक्टरनीकडं जायचंय की," ते म्हणाले. "तोंड वास मारंल." आणि काठी घेऊन घराकडे निघाले.

सोमवारी अरुंधतीबाईंनी पट्टी धरली. "सत्तावीस." मग मागचा कागद बघितला. "अठ्ठावीस होतं. घरी काय येत होतं?"

मी तक्ता उघडला आणि सगळं सांगितलं. बाईंनी कोपऱ्यातली चौकट वाचली, एक जुनी काडी उजेडात धरली, नखानं खोलगट पट्टा चाचपला. "काड्या महिन्याला बदला, हे मी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "लक्षातच आलं नाही माझ्या." त्यांनी टॉर्च मारून डाग बघितला, बराच वेळ. आबा छताकडे बघत होते. "डाग तेवढाच आहे. वाढलेला नाही." मग आबांना विचारलं, "पुडी?"

मी काही बोलायच्या आत आबांनी दोन बोटं वर केली.

"रोज दोन?"

"सालात."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि कागदावर लिहून घेतलं. ऑपरेशनचं त्या मार्चमध्ये ठरवणार. तोवर दर आठवड्याला गालात इंजेक्शन, सहा आठवडे, आणि महिन्याला एकदा माप, त्यांच्याच पट्टीनं.

"मोजायचं तुमीच?" आबांनी विचारलं.

"मीच."

"मंग हिला काय काम?"

"तिनं घड्याळ धरायचं," बाई म्हणाल्या.

अंबडपर्यंत एसटीत उभं राहावं लागलं. पुढे जागा मिळाली, तर आबा लगेच झोपले, तोंड अर्धवट उघडं. मी खिडकीतून तुरीची शेतं बघत होते.  वाईट बातमी नव्हती. चांगली म्हणावी अशीही नव्हती. एक वर्ष गेलं होतं आणि एक मिलिमीटर कमी झाला होता. एवढा फरक पट्टी धरण्यातही पडू शकतो.

घरी आल्यावर मी पाकिटातल्या कोऱ्या काड्या काढल्या. आबांनी ओट्यावर बसून चळत दातांत धरून बघितली. चौदावी बसली नाही. तेरा.

तेवढ्यात बद्रीनाथकाका आले. "काय म्हणली डाक्टरनी? किती झाल्या?"

आबांनी काड्या तोंडातून काढल्या. "तेरा."

"आं? सतराच्या तेरा? आरं, मागं मागं कुठं चालला?"

"मागं न्हाई. व्हतो तिथंच हाय. त्या काड्या झिजल्याल्या व्हत्या."

"म्हंजे सालभर फुकट?"

 काकांनी खिशातून पुडी काढली, आबांकडे बघितलं, आणि तशीच परत ठेवली. मग काही तरी काम आठवल्यासारखं करून उठले. घराच्या कोपऱ्यामागे गेले. थोड्या वेळानं पुडी फाटल्याचा आवाज आलाच.

"भित्रं हाय," आबा म्हणाले.

रात्रीच्या जेवणाआधी मी तक्त्यावरची जांभळी रेघ खोडली. नीट निघाली नाही, कागद भुरकट झाला. माझ्याकडे खऱ्या दोनच नोंदी होत्या, मागच्या डिसेंबरची आणि आजची. दोन ठिपक्यांमधून कोणतीही रेघ काढता येते, म्हणून काढली नाही. दोन ठिपके दिले आणि मधली जागा तशीच सोडली. माझ्या चार रेघांना हात लावला नाही. त्या जिथे थांबल्या होत्या तिथे खऱ्याच थांबल्या होत्या.

मंगळवारी सकाळी आबा ओट्यावर येऊन बसले. मी घड्याळ घेऊन समोर बसले. त्यांनी तेरा काड्या दातांत धरल्या. नव्या लाकडाच्या कडा धारदार होत्या, त्यांनी डोळे बारीक केले. सेकंद काटा फिरू लागला. दहा-बारा सेकंद गेले. मग मी त्यांना प्रांजलीबद्दल सांगायला लागले, तिनं काडीची दोन्ही टोकं कशी मोजली, मी तिला कशी उगाच रागावले, मागच्या बाकावरचं कोण काय म्हणालं. तिनं जर्नलमध्ये खरंच दोन्ही आकडे लिहिले होते आणि खाली कंसात 'चावलेली बाजू' असं लिहिलं होतं, आणि मला ते बरोबर धरावं की नाही कळत नव्हतं, कारण जर्नलं शेवटी प्राचार्य बघणार—

आबांनी हात वर केला. तोंडात काड्या तशाच. बोटानं घड्याळ दाखवलं. दीड मिनिट होऊन गेलं होतं.